टीव्हीवरचे सुपरहिरो कागदावर: टाय-इन कॉमिक्स वाचायला सुरुवात कशी करावी

दोन वर्षांपूर्वी मी ‘बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’चा अंक क्रमांक १ ऑनलाइन मागवला. पार्सल आलं, उघडलं, तर आत पेंग्विन हा खलनायक बॅटमॅनच्या गॉथम शहराचा महापौर होऊन बसलेला. मला हवा होता १९९२ सालचा पहिला अंक. हातात पडला २००३ सालचा. मालिकेचं नाव जवळपास तेच, शैली तीच, वर क्रमांकही १. गंमत म्हणजे पेंग्विन दोन्हीकडे आहे. विकणाऱ्याची काही चूक नव्हती, त्याने लिहिलं होतं तेच पाठवलं. चूक माझी. साल न बघता पैसे भरले होते.

या चुकीमुळेच हा लेख लिहितोय. टीव्हीवर आधी सुपरहिरोची मालिका येते आणि मग त्याच मालिकेच्या जगात घडणारी कॉमिक्स निघतात, त्यांना टाय-इन म्हणतात. मूळ कॉमिक्सवरून मालिका, आणि त्या मालिकेवरून परत कॉमिक्स, असा हा उलटा प्रवास. पुष्कळ वाचक त्याकडे नाक मुरडतात. मालिका चालली आहे तोवर चार पैसे कमवायला काढलेला माल, असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच अंकांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण याच ढिगाऱ्यात काही कॉमिक्स अशी आहेत की मी ती मूळ मालिकेच्या बरोबरीने मानतो, एक-दोन तर वरचढ. ती शोधायची कशी, एवढंच इथे सांगतो.

आधी पाहिलेली मालिका निवडा

हे फार सोपं वाटेल, पण नवखे लोक इथेच घसरतात. कुणीतरी यादी देतं, ‘ही दहा वाचच’, आणि आपण न पाहिलेल्या मालिकेचं कॉमिक उघडतो. टाय-इन कॉमिक ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. आल्फ्रेड कोण, बुलक कोण, मॉन्टोया कोण, हे तुम्हाला माहीत आहे असं धरूनच ते सुरू होतं. म्हणून जी मालिका तुम्ही निदान एक सीझन पाहिली आहे, तिच्यापासूनच सुरू करा.

दुसरं कारण कानाचं आहे. मालिका पाहिलेली असली की वाचताना आवाज आपोआप येतात. केव्हिन कॉनरॉयचा तो खालच्या पट्टीतला बॅटमॅन, मार्क हॅमिलचा जोकर. फुग्यातली तीच वाक्यं आवाजाशिवाय वाचली तर सपाट लागतात. मी अजूनही जुनी ॲडव्हेंचर्स काढली की आधी एखादा भाग लावतो, वीस-बावीस मिनिटं, आणि मग अंक उघडतो. गायकाने तंबोरा जुळवून घ्यावा तसं.

मग हे कॉमिक कोणत्या जातीचं आहे ते बघा

माझ्या हिशेबाने टाय-इनच्या चार जाती आहेत.

पहिली, झालेला भागच पुन्हा सांगणारी. मार्व्हलचं १९९२ पासूनचं ‘एक्स-मेन ॲडव्हेंचर्स’ याच प्रकारचं: शनिवारी सकाळी टीव्हीवर जे दिसलं तेच पानांवर. त्या काळी हवा तो भाग हवा तेव्हा पाहायची सोय सहज नसे, तेव्हा त्याला अर्थ होता. आज भाग हवा तेव्हा लावता येतो, मग ही कशाला वाचायची? संग्रह करणाऱ्यांनी घ्यावीत. नव्या वाचकाने सरळ पुढे जावं. काही मालिकांच्या कॉमिक्समध्ये तर पडद्यावरची चित्रं कापून चौकटीत चिकटवलेली असतात. ती दिसली की पुस्तक बंद करून ठेवून द्या.

दुसरी जात, मालिकेच्या जगातल्याच पण नव्या, सुट्या गोष्टी सांगणारी. खरा खजिना इथे आहे. ‘बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ याच जातीचं.

तिसरी, फट भरणारी. दोन सीझनच्या मधे काय झालं ते सांगणारी. बॅटमॅनचीच १९९८ सालची पाच अंकांची ‘द लॉस्ट इयर्स’ घ्या. टीव्हीवरची जुनी मालिका संपून नवी सुरू झाली तेव्हा बॅटमॅनचा साथीदार डिक ग्रेसन रॉबिनचा नाईटविंग झालेला होता आणि टिम ड्रेक हा नवा रॉबिन. मधे काय बिनसलं ते या पाच अंकांत येतं.

चौथी, बंद पडलेली मालिका पुढे चालवणारी. ही सगळ्यात भावनिक आणि सगळ्यात धोक्याची. तिच्याकडे शेवटी येऊ.

दुकानात किंवा ॲपवर पुस्तक दिसलं की मलपृष्ठावरचा मजकूर वाचा. ‘टीव्हीवर पाहिलेल्या थरारक कथा’ अशा सुरात काही असेल तर बहुधा पहिली जात.

नाव, साल आणि क्रमांक, तिन्ही तपासा

माझी फजिती तुमची होऊ नये म्हणून बॅटमॅनच्या या एका कुटुंबाची वंशावळ इथेच देतो.

‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’ अमेरिकेत ५ सप्टेंबर १९९२ ला सुरू झाली. तिच्यावरचं ‘द बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ त्याच वर्षी आलं आणि १९९५ पर्यंत ३६ अंक चाललं. मालिकेचं नाव बदललं तसं कॉमिकही ‘द बॅटमॅन अँड रॉबिन ॲडव्हेंचर्स’ झालं, त्याचे २५ अंक निघाले. मग १९९८ ते २००३ ‘बॅटमॅन: गॉथम ॲडव्हेंचर्स’, तब्बल ६० अंक. त्यानंतर २००३ मध्ये पुन्हा नुसतं ‘बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’, सुरुवातीचा ‘द’ गळालेलं, १७ अंकांत आटोपलेलं. महापौर पेंग्विन तो या शेवटच्यातला. (ते वाईट नाही हां. पार्सल परत पाठवायचं म्हणून नुसतं चाळायला घेतलं आणि ठेवूनच घेतलं.)

चारही मालिकांच्या मुखपृष्ठांवर तोच टोकदार कानांचा, चौकोनी हनुवटीचा बॅटमॅन. म्हणून ऑनलाइन मागवताना नुसतं नाव टाकू नका. साल बघा, लेखक बघा.

लेखकाचं नाव पुस्तकाच्या नावाइतकंच महत्त्वाचं

टाय-इन चांगलं निघेल की नाही याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज श्रेयनामावलीत मिळतो. मूळ मालिकेची पटकथा लिहिणारा माणूस कॉमिकही लिहीत असेल तर डोळे मिटून एक अंक घ्या.

‘यंग जस्टिस’ ही किशोरवयीन सुपरहिरोंची मालिका याचं उत्तम उदाहरण. मालिका २०१० च्या नोव्हेंबरात आली, तिचा एक निर्माता ग्रेग वाइजमन. कॉमिकचे सुरुवातीचे काही अंक आर्ट बाल्टझार आणि फ्रँको या जोडीने लिहिले, ते बरे आहेत. पण वाइजमन आणि केव्हिन हॉप्स यांनी सूत्रं घेतली आणि कॉमिक मालिकेचा अवयवच झालं. शून्यापासून पंचवीसपर्यंत असे २६ अंक. या मालिकेत प्रत्येक प्रसंगावर तारीख, वेळ आणि ठिकाण पडद्यावर उमटतं. कॉमिकमध्येही तेच आहे. त्यामुळे कोणता अंक कोणत्या दोन भागांच्या मधे बसतो हे दिवसावर काढता येतं.

मी एका रविवारी वहीत दोन रकाने आखले, डावीकडे भाग आणि उजवीकडे अंक, आणि तारखेप्रमाणे क्रम लावून पहिला सीझन पुन्हा पाहिला. एक भाग पाहायचा, अंक आला की लॅपटॉप बंद, अंक वाचायचा, परत भाग. घरच्यांना वाटलं परीक्षेचा अभ्यास चाललाय. पण पहिल्या आणि दुसऱ्या सीझनमध्ये कथेत पाच वर्षांची उडी आहे आणि ती पाहताना मी पूर्वी फार गोंधळलो होतो. या पद्धतीने तो गोंधळ निम्मा उतरला. मालिका २०१३ मध्ये बंद झाली, २०१९ मध्ये परतली, आणि २०२२ मध्ये वाइजमनने ‘यंग जस्टिस: टार्गेट्स’ हे आणखी एक कॉमिक लिहिलं. माणूस तोच, म्हणून सूर तोच.

याच्या उलट बाजूचा अनुभव सुपरमॅनचा. ‘सुपरमॅन ॲडव्हेंचर्स’ १९९६ ते २००२ चाललं, ६६ अंक. पहिला अंक टीव्ही मालिकांचा लेखक पॉल डिनीचा, आणि लगेच दुसऱ्यापासून तेराव्यापर्यंत स्कॉट मॅक्लाउड. कॉमिक्स कसं काम करतं यावर कॉमिकच्याच रूपात पुस्तक लिहिणारा तो हाच. टीव्हीशी त्याचा संबंध नाही, पण पानाची जाण अशी की गोष्ट कुठे थांबवायची ते त्याला नेमकं कळतं. पुढे मार्क मिलरने बरेच अंक लिहिले. त्यातला ४१ वा अंक मिळाला तर सोडू नका: २२ पानं आणि २२ गोष्टी, प्रत्येक पानावर एक पूर्ण कथा. टीव्हीवर हे करायचं म्हटलं तरी करता येणार नाही.

माझं एकूण म्हणणं या एका अंकात आलं. टाय-इन कॉमिक हातात घेतलं की मी एवढंच बघतो, पडद्याला जे जमलं नसतं ते याने केलं आहे का?

पहिलं खरं वाचन: तीन अंक पुरेत

सुरुवात करायची तर १९९२ च्या मालिकेचे पहिले तीन अंक घ्या. लेखक केली पकेट, चित्रं टाय टेम्पलटनची, शाई रिक बर्चेटची. पहिल्यात पेंग्विन, दुसऱ्यात कॅटवुमन, तिसऱ्यात जोकर. प्रत्येक अंक स्वतंत्र वाचता येतो आणि तिन्ही मिळून एक डावही पुरा होतो. प्रत्येक अंकातल्या गोष्टीचे तीन भाग, नाटकातल्या अंकांसारखे, आणि प्रत्येक भागाला वेगळं शीर्षक. पकेट शब्दांच्या बाबतीत कंजूष आहे. पानंच्या पानं कुणी बोलत नाही. घाई केली तर दहा मिनिटांत संपेल आणि वाटेल, एवढंच? म्हणून न बोलणाऱ्या चौकटींवर थांबा. कोण कुठे बघतंय, सावली कुठून पडली आहे, ते बघा.

सातव्या अंकापासून माइक पारोबेक चित्रं काढू लागला, आणि माझ्या मते मालिका तिथे खऱ्या अर्थाने उभी राहिली. टीव्हीवरची पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवलेली असायची, त्यामुळे तो गडद, धुकट गॉथम तयार व्हायचा. छापील कॉमिकमध्ये ते जमण्यासारखं नव्हतं. पारोबेकने त्या वाटेला जायचंच टाळलं. त्याने रेषा कमी केल्या. चार रेषांत चेहरा, दोन रेषांत झेप. त्याचा बॅटमॅन जड वाटत नाही, कापडाचा पंखा उघडावा तसा उडतो. पारोबेक १९९६ मध्ये अवघ्या तिशीत मधुमेहाच्या गुंतागुंतीने गेला. त्याचे अंक वाचताना हे आठवतं आणि मी पान जरा हळू उलटतो.

त्याचाच बारावा अंक, १९९३ चा. बार्बरा गॉर्डन पोशाखाच्या पार्टीला बॅटगर्लचा वेश करून जाते आणि तिथे जोकरची साथीदार हार्ले क्विन आणि पॉयझन आयव्ही ही दुसरी खलनायिका येऊन टपकतात. हार्लेचा जन्मच मुळी टीव्हीवर झाला, सप्टेंबर १९९२ मधल्या एका भागात. कॉमिकच्या पानांवर ती प्रथम आली ती या अंकात. त्यामुळे मूळ प्रतीची किंमत आज भलतीच चढली आहे. वाचायलाच हवा असेल तर मूळ अंकाच्या नादी लागू नका, संग्रहाच्या दुसऱ्या खंडात तो आहे. गोष्ट तीच, पारोबेक तोच, आणि घरात भांडण नाही.

आणि मग ‘मॅड लव्ह’. १९९४, पॉल डिनी आणि ब्रूस टिम, हार्लेला घडवणारे दोघेच. डॉक्टर हार्लीन क्विन्झेल जोकरच्या नादी कशी लागली त्याची ही गोष्ट. त्या वर्षी तिला कॉमिक्समधला मानाचा आयझ्नर पुरस्कार मिळाला. एक प्रसंग जवळून बघा. हार्लेने बॅटमॅनला पिरान्हा माशांच्या टाकीवर उलटं टांगलं आहे. का? पिरान्हांचं तोंड पडलेलं असतं, पण उलटं लटकून पाहिलं की ते हसल्यासारखं दिसेल! जोकरची जुनी योजना तिने अशी पुरी केली. तिला वाटतं, आता तो खूश होईल. तो येतो आणि खवळतो, कारण बॅटमॅनला विनोद समजावून सांगावा लागला, आणि समजावून सांगितलेला विनोद मेलेला असतो. एका माणसाला खूश करायला आयुष्य उधळणारी बाई आणि स्वतःच्या विनोदापलीकडे कुणीही न दिसणारा पुरुष, दोघंही या एका प्रसंगात पूर्ण कळतात. मुलांच्या कार्टूनचं कॉमिक म्हणून हे दुकानात ठेवलेलं होतं, हे लक्षात घ्या. (तरी लहान मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः वाचा. मारहाण आहे, आणि ती गंमत म्हणून दाखवलेली नाही.)

खऱ्या नटांच्या मालिका: इथे जपून

ॲनिमेशनवरचं कॉमिक सहज जमतं, कारण दोन्हीकडे मुळात रेषाच असते. खऱ्या माणसांच्या मालिकेत चित्रकाराला नटाचा चेहरा काढायचा असतो. मग होतं काय, फोटो समोर ठेवून काढलेला चेहरा आणि त्याखाली कॉमिकचं अंग. ‘ॲरो’ आणि ‘फ्लॅश’च्या कॉमिक्समध्ये मला हे अनेकदा खटकलं. चेहरा ओळखू येतो, पण माणूस हलत नाही, लग्नाच्या अल्बमसारखा उभा असतो. ‘ॲरो: सीझन २.५’ मार्क गुगेनहाइमने, म्हणजे मालिका चालवणाऱ्यानेच लिहिलं आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या मधली गोष्ट नीट सांगतं. मालिकेचे भक्त असाल तर वाचा. नसाल तर राहू द्या.

‘बॅटमॅन ’६६’ मात्र याला सणसणीत अपवाद. ॲडम वेस्ट आणि बर्ट वॉर्ड यांची ती रंगीबेरंगी मालिका १९६६ ते १९६८ चालली. २०१३ मध्ये जेफ पार्करने तिचं कॉमिक सुरू केलं आणि पहिल्या गोष्टीसाठी जोनाथन केसने जुन्या छपाईचे ठिपके आणि सरकलेले रंग मुद्दाम वापरले. ॲडम वेस्ट ओळखू येतो, पण फोटोसारखा नाही, व्यंगचित्रासारखा. मालिकेला पैशाची मर्यादा होती, कागदावर ती नाही. पाहिजे तेवढ्या मोठ्या इमारती, पाहिजे तेवढे खलनायक. शिवाय ‘द लॉस्ट एपिसोड’ नावाचा एक वेगळा अंक आहे. टू-फेस या खलनायकाला त्या मालिकेत आणण्यासाठी हार्लन एलिसनने एक कथा लिहिली होती, ती कधी चित्रित झाली नाही. लेन वीन आणि होजे लुइस गार्सिया-लोपेझ यांनी अर्धशतकाने ती कागदावर आणली.

संपलेली मालिका पुढे चालवणारी कॉमिक्स

‘स्मॉलव्हिल’ दहा सीझन चालली, २००१ ते २०११. निर्मात्यांचा नियम असा की क्लार्क त्या पोशाखात दिसणार नाही आणि उडणारही नाही. दहा वर्षं चाहते वाट बघत बसले आणि शेवटच्या भागात जेमतेम झलक मिळाली. २०१२ मध्ये मालिकेच्याच लेखकांपैकी ब्रायन क्यू. मिलरने ‘स्मॉलव्हिल: सीझन ११’ सुरू केलं आणि पहिल्यापासून क्लार्क पोशाखात, आकाशात. टीव्हीवर कधी न आलेला बॅटमॅनही इथे येतो, आणि त्याच्या जोडीला नाईटविंग म्हणून बार्बरा गॉर्डन. सगळे अंक सारखे नाहीत, पण दहा वर्षांची उपासमार झालेल्याला ताट वाढल्याचं समाधान आहे.

‘बॅटमॅन: द ॲडव्हेंचर्स कंटिन्यू’ २०२० मध्ये आलं. डिनी, ॲलन बर्नेट आणि चित्रांना टाय टेम्पलटन, म्हणजे जुनीच मंडळी. इथे माझं मत थोडं कडू आहे. मालिकेत नसलेली मूळ कॉमिक्समधली नावं, जेसन टॉड, डेथस्ट्रोक, ॲझ्राएल, एकेक करून आणली आहेत. वाचायला मजा येते, पण जुन्या मालिकेची ताकद गाळण्यात होती. काय घ्यायचं नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून हे आधी वाचू नका. जुने तीस-चाळीस अंक पचवून मग या.

नवखे लोक हमखास विचारतात, हे सगळं ‘खरं’ धरायचं का? मालिकेने ते मान्य केलंय का? ‘यंग जस्टिस’चं धरा. बाकीच्यांचं फार मनावर घेऊ नका. कधीकधी उलटही होतं: १९९५ च्या जानेवारीत ‘बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’चा नाताळ विशेषांक आला, आणि १९९७ मध्ये नवी मालिका सुरू झाली ती त्याच्यावरच बेतलेल्या भागाने.

मिळवायची कुठे

ही कॉमिक्स इंग्रजीत आहेत. वेताळाचे मराठी इंद्रजाल अंक वाचून वाढलेल्यांना ते खटकेल, पण ॲडव्हेंचर्स मालिकांचं इंग्रजी सोपं आहे, सातवी-आठवीतल्या मुलाला झेपेल असं. सुटे अंक शोधत बसू नका, संग्रहित खंड घ्या. डिजिटल चालत असेल तर किंडलवर बरेच मिळतात, पूर्वीचं कॉमिक्सॉलॉजी आता त्यातच विलीन झालं आहे. अमेरिकेत किंवा कॅनडात असाल तर गावच्या लायब्ररीचं कार्ड काढा आणि ती लायब्ररी ‘हूपला’ हे डिजिटल वाचनाचं ॲप देते का ते विचारा. तिथे फुकटात वाचता येतं.

मुंबईत असाल तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर चक्कर मारा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून गॉथम कॉमिक्स नावाची कंपनी डीसी (बॅटमॅन-सुपरमॅनचे प्रकाशक) आणि मार्व्हलचे अंक भारतात छापत असे, त्यातले काही अजून जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडतात. घेण्याआधी मधलं पान, जिथे टाचण्या असतात, ते उघडून बघा. निम्म्या वेळा तेच निखळलेलं असतं. आणि हो, साल बघा.

पहिल्या महिन्यासाठी एवढंच करा: १९९२ चे तीन अंक, मग बारावा, मग ‘मॅड लव्ह’. ते वाचून झालं की १९९९ मध्ये त्याच गोष्टीवर झालेला त्याच नावाचा टीव्हीवरचा भाग लावा. टाकीवर उलटा लटकलेला बॅटमॅन हार्लेचं बोलणं ऐकून हसू लागतो, तिथे थांबा. तो असा कधी हसत नाही, आणि हार्लेलाही ते हसू आवडत नाही. भागात ते हसू कॉनरॉयच्या आवाजात ऐकू येईल. कागदावर वाचताना तुम्ही ते कोणत्या आवाजात ऐकलं होतं, आणि दोन्हींत जास्त भीती कशाची वाटली, ते वहीत लिहून ठेवा.